तलमडुगुचा खण

अक्काचं टेबल उंच आहे. खुर्ची घेऊन त्याच्याशी बसलं तर फळी जवळजवळ हनुवटीला येते, म्हणून हे मी उभ्यानं लिहिते आहे. पाय भरून आले की थांबते, अंगणात एक चक्कर मारते, पुन्हा येते. सेवानिवृत्त शिक्षिकेला घाई कसली. अक्काला जाऊन एक पावसाळा उलटला. भेटायला येणारी माणसं अजून अधूनमधून येतात, आणि टेबल दिसलं की हातातला चहाचा कप सहज त्यावर ठेवतात. मी तो उचलून स्टुलावर ठेवते. तिच्या हयातीत या फळीवर पाण्याचा थेंब चालला नाही. तो नियम मोडायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही.

येणारा प्रत्येक जण एक प्रश्न विचारतोच, की हे एवढं उंच काऊन केलं? दुसरा प्रश्न खणांवरच्या पत्र्याच्या पट्ट्यांबद्दल असतो. काळ्या पट्ट्यांवर पांढऱ्या रंगानं उर्दूत काहीतरी लिहिलेलं आहे, ते काय? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते उभ्या उभ्या, कप हातात असताना देता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

आमचं घर आदिलाबादेत, कापसाच्या बाजारामागच्या वस्तीत. पुढची खोली, मागची खोली, अंगण, अंगणात कडुनिंब. कापसाचा हंगाम आला की पहाटेपासून गाड्यांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज येई आणि जिनिंगची घरघर दिवसभर कानात राही. हंगाम संपला की त्या शांततेनंच आम्ही दचकत असू. आई भाजीवालीशी तेलुगूत बोले, बोहरी दुकानदाराशी हिंदीत, आणि आमच्यावर रागावली की थेट तिच्या माहेरच्या बोलीत. जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, आणि बाजूला भुरका, म्हणजे लसूण-तिखट तेलात परतून केलेला लालभडक गोळा. तो बोटाच्या टोकानं घ्यायचा असतो. आमचे बाबा तो पोळीला लोणी लावावं तसा भाकरीला लावून खात आणि डोळ्यांतून पाणी आलं की, "आज जरा कमी झाला," म्हणत.

त्या घरात सगळं काम जमिनीवर चाले. आई जमिनीवर बसून भाकरी थापी. बाबा कचेरीतून आणलेलं लिखाण ट्रंकेवर ठेवून, मांडी घालून करीत. मी पोटावर पालथी पडून पुस्तकं वाची. टेबल नावाची वस्तू आमच्या घरात नव्हती आणि ती नाही याची कुणाला उणीवही वाटत नसे. टेबल कचेरीत असायचं, शाळेत मास्तरांपुढे असायचं. घरात जमीन होती.

अडचण फक्त अक्काची होती. तिचं नाव शांता. शेजारची तेलुगू मुलं तिला अक्का म्हणत, ते मी उचललं, आणि पुढे आईबाबा सोडून सगळं गाव तिला अक्काच म्हणू लागलं. ती माझ्यापेक्षा बरीच मोठी. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय गेला होता. तो गुडघ्यात वाकत नसे. ती चाले, जिने चढे, उजव्या पायानं शिवणाची मशीन झकास चालवी. पण मांडी घालणं, उकिडवं बसणं तिला जमत नसे. जमिनीवर बसायचं तर पाय काठीसारखा पुढे काढून बसावं लागे, आणि तशा बसण्यात कापडावर ओणवं होता येत नाही. मशीनवर शिवणं निराळं, कापणं निराळं. कापड सपाट पसरावं लागतं. आमच्याकडे तिच्या कमरेच्या उंचीची सपाट जागा एकच होती, ती म्हणजे सुतळीची बाज. अक्का बाजेवर आडवी होऊन कापड कापी. बाज मधे दबते. कापडही मधे दबे, आणि कात्री सरळ चालली तरी कापलेली कड सरळ येत नसे.

शिवण आणि भरतकामाची सरकारी परीक्षा तिनं एकदा दिली होती. पास झाली असती तर मुलींच्या शाळेत शिवणबाईंची जागा मिळण्यासारखी होती. परीक्षेआधी घरी तयार केलेले नमुने दाखवावे लागत. त्यातलं झबलं तपासणाऱ्या बाईंनी टेपनं मापलं, एक बाजू आखूड निघाली. भरतकामाला शाबासकी मिळाली, कापण्यात ती नापास झाली. घरी येऊन तिनं तेच झबलं पूर्ण उसवलं. रडली नाही. वाकडं आलं की उसवायचं, आणि त्याच बैठकीत उसवायचं, उद्यावर ठेवायचं नाही, हा तिचा नेम मरेपर्यंत होता.

त्याच सुमारास पैनगंगेपलीकडून आत्या आली, ती एक स्थळ घेऊनच. माणूस बिजवर होता, पदरी मुलं होती. आत्या वाईट नव्हती. तिला खरंच वाटे की ती आपल्या भाचीचं भलं करते आहे. माणूस चांगला हाय, पाय पाहून नाही म्हणत नाही, हे तिनं जेवताना इतक्या वेळा सांगितलं की शेवटी आईनं तिच्या ताटात न मागता भाकर वाढली. अक्का मागच्या खोलीत मशीनवर होती. मशीनचा आवाज थांबला नाही, उलट जरा जोरात येऊ लागला. बाबा म्हणाले, अजून एक डाव परीक्षा होऊ दे, मंग बोलू.

"तुह्या परीक्षेनं पोरीचा पाय सरळ होते का, दादा?" आत्या म्हणाली.

बाबा उठून हात धुवायला गेले. पण त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की परीक्षा ही आता नुसती परीक्षा राहिलेली नाही. अक्का पास झाली तर इथे राहील. नाही तर नदीपलीकडे जाईल.

बाबा तहसील कचेरीत कारकून होते. सुरुवात त्यांनी चपराशी म्हणून केली होती. त्यांचे वडील, म्हणजे माझा आजा गोमाजी, तलमडुगुला दुसऱ्याच्या वावरात सालदार होता, वर्षाच्या करारावर राबणारा. बाबा त्या घराण्यातले पहिले शिकलेले, तेही आधी उर्दूत, मग मराठीत, मग तेलुगूत, जसजसं सरकार बदललं तसतसं. कचेरीत तेव्हा लोखंडी कपाटं येत होती आणि जुनी सागवानी घोडी हर्रासाला निघत होती. हर्रास म्हणजे लिलाव. कचेरीत अजून तोच शब्द चाले. घोडी म्हणजे गावोगावचे कागद ठेवायची उभी मांडणी. चौकोनी खण, प्रत्येक खणावर पत्र्याची पट्टी, पट्टीवर गावाचं नाव. त्यातली एक घोडी बाबांनी घेतली. हातगाडीवर आडवी घालून ती वस्तीत आली तेव्हा पोरं मागून धावत होती आणि आई दारात उभी राहून कपाळाला हात लावत होती. एवढं मोठं धूड ठेवायचं कुठं, हा तिचा प्रश्न रास्त होता.

"शांतेचं टेबल करू याचं," बाबा म्हणाले.

करणार कोण, तर देवाजीमामा. आईचा धाकटा भाऊ. तो बेल्लमपल्लीच्या कोळशाच्या खाणीत टिंबरमन होता. जमिनीखाली, कोळसा काढलेल्या पोकळीत, वरचं छत खाली येऊ नये म्हणून लाकडाचे खांब रोवायचे आणि पाचरी ठोकून घट्ट करायचे, हे त्याचं काम. तो रजा टाकून आला. पिशवीत लाकूड तासायचा वाकस, करवत, आणि आमच्यासाठी सकिनालु, म्हणजे तांदळाच्या पिठाची तीळ घातलेली कडकडीत कडी. ती मी पुस्तकाच्या पानांत तेलाचे डाग पाडत खाल्ली. मामानं घोडीकडे पाहिलं, तिचे पाय अंगठ्यानं दाबून पाहिले आणि त्यांना अगरबत्तीच्या काड्या म्हणाला. मग लाकडाच्या टालावर जाऊन कुठल्याशा मोडलेल्या घराची तुळई घेऊन आला आणि तिचे चार पाय केले. एकेक पाय माझ्या मांडीएवढा. आई म्हणाली, अरे देवा, पोरीला कापड कापायचं हाय, हत्ती नाही बांधायचा. मामा शांतपणे म्हणाला, "अशा पायावर अख्ख्या गँगच्या डोक्यावरचं छत थांबते, बाई. तुह्या पोरीचा परकर नाई थांबणार का?"

कडुनिंबाखाली काम चालू झालं. वाकसाचे ठोके, करवतीचा खरखराट, जुन्या सागाचा तेलकट वास. मामा खिळा वापरत नसे. खिळा गंजतो, पाचर फुगते, असं त्याचं म्हणणं. घोडीच्या पाठीच्या फळ्या जोडून वरची सलग फळी झाली. खणांचे दोन भाग करून ते दोन बाजूंना बसले आणि प्रत्येक खणात ओढायचा डबा आला. टेबल कसं हवं ते मात्र बाबांनी सांगितलं. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं चित्र काढलं होतं, आणि ते चित्र पाहून मामानं एकदाच विचारलं, "भाऊजी, समोर पडदा कायले?" बाबा म्हणाले, असतो. समोरून पायापर्यंत बंद फळी, दोन्ही बाजूंना खण, मधे बसणाऱ्याचे पाय जातील एवढी जागा, सगळे डबे बसणाऱ्याच्या बाजूला उघडणारे. अक्का मशीनवरून उठून येई, पाही, आणि "चांगलं होऊन राह्यलं," म्हणे. तिला कुणी काही विचारलं नाही. तिनं काही सांगितलं नाही. आमच्या घरात बाप लेकीसाठी काही करतो आहे, एवढ्यानंच लेकीचं तोंड बंद होत असे, सुखानं.

टेबल पुऱ्या दिमाखात पुढच्या खोलीत, दाराकडे तोंड करून मांडलं गेलं. भिंतीवरच्या दोन तसबिरींपुढे आईनं मेणबत्ती लावली. बाबांनी कुठून तरी वेताची खुर्ची आणली होती. अक्काला त्यांनी त्या खुर्चीवर बसवलं, आणि स्वतः टेबलाच्या पलीकडे जाऊन, टोपी काढून, हात जोडून उभे राहिले.

"बाईसायब, आमचा अर्ज हाय," बाबा म्हणाले.

"उद्या या," अक्का म्हणाली.

आम्ही किती हसलो. मामा तर खाली बसून हसला. बाबांना मी तसं हसताना फार थोड्या वेळा पाहिलं आहे. आता इतक्या वर्षांनी ते आठवलं की मला त्यांचे जोडलेले हात दिसतात. ते सोंग होतं, पण हात बरोबर जोडले गेले होते, सवयीचे.

मामा रजा संपवून परत गेला आणि दिवस नेहमीसारखे सुरू झाले. बाबा कचेरीत गेले की अक्का टेबलाशी बसे. तिचा न वाकणारा पाय पुढे सरळ जाई आणि समोरच्या बंद फळीला अडे. मग ती तिरपी बसे, कंबर पिळून. कापड पलीकडच्या टोकाला धरावं तर हात पुरत नसे. उठून उभी राहिली तर फळी इतकी खाली की पाठीचं धनुष्य होई. थोडे दिवस तिनं तसंच रेटलं. मग एके दिवशी शाळेतून आले तर टेबल पुसून लख्ख, आणि अक्का बाजेवर आडवी होऊन कापते आहे. बाबा यायच्या वेळेला तिनं कापड, खडू, कात्री उचलून टेबलावर मांडली. आईनं हे पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. मीही. परीक्षा जवळ येत होती आणि परकराची कड पुन्हा वाकडी येत होती. अक्का उसवत होती.

मग एका दुपारी बाबा कपाटाची चावी विसरली म्हणून अवचित घरी आले. दारातून त्यांना समोर टेबल दिसलं, त्यावर काहीच नाही, आणि आत बाजेवर अक्का. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन होते.

"टेबल मोडलं काय?" बाबांनी विचारलं.

"नाई, बाबा."

"मंग बाजेवर काऊन?"

अक्कानं कात्री खाली ठेवली. ती हळू बोलली, पण थांबली नाही. "बाबा, ते साहेबाचं टेबल हाय. साहेबाले बसून राहा लागते. मले उभं राहून काम करा लागते, चहूकडून फिरा लागते. माहा पाय त्या फळीत मावत नाई."

"उभं राहून?" बाबा म्हणाले, जणू एवढाच शब्द त्यांना ऐकू गेला होता.

"हो."

चावी घेऊन बाबा गेले. संध्याकाळी भाकरीला भुरका लावला नाही. जेवण झाल्यावर ते अंगणात कडुनिंबाखाली बसले आणि आई भांडी घासत होती तिला, कुणाकडे न पाहता, म्हणाले की माही अर्धी नोकरी दुसऱ्याच्या टेबलासमोर उभं राहण्यात गेली. साहेब बसला असे, मी उभा. टेबलापाशी जो उभा तो खालचा, असंच मी शिकलो. माह्या लेकीनं तरी बसावं, एवढंच मनात होतं.

आईचा हात थांबला नाही. "ते कोनापुढं उभी नाई राहून राह्यली," ती म्हणाली. "कामापुढं उभी राहते. मी लगनाआंधी वावरात वाकून राह्यली, मले कोनी विचारलं नाई तुले कसं जमते म्हणून. तिले विचारा न."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ठोक्यांच्या आवाजानं मी जागी झाले. बाबा टेबलासमोर जमिनीवर बसून, मामाच्या पाचरी एकेक करून काढत होते. समोरचा पडदा त्यांनी स्वतःच्या हातानं सोडवला. सुतारकाम त्यांना येत नव्हतं. अंगठ्यावर घाव बसला होता. मी पाणी आणून दिलं. त्यांनी अंगठा बुडवला, फळी भिंतीला टेकवून ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "चांगली फळी हाय. खाली कप्प्याले कामी येईल."

मामा पुन्हा आला. टेबल बुटकं आहे हे कळल्यावर तो जराही खट्टू झाला नाही. हे दुखणं त्याच्या ओळखीचं होतं. खाणीत खांब कमी पडला की ते लोक लाकडाचे ठोकळे आडवे-उभे, आडवे-उभे असे एकावर एक रचतात आणि वर पाचर मारतात. तसे चार चौथरे त्यानं केले, प्रत्येक पायाखाली एक. "तिथं छत खाली येऊ नाई म्हणून ठोकतो," तो म्हणाला, "इथं पयल्यांदाच काही वर चढवून राह्यलो." टेबल खोलीच्या मधोमध आणलं. अक्का त्याच्याशी उभी राहिली, कोपरात हात वाकवून, हातात कात्री धरून. मामा एका पायाशी वाकलेला, बाबा दुसऱ्या पायाशी. एक पाचर आत जाई, आणि बाबा खालून मान वर करून विचारत, "आता?"

"अजून थोडं."

पुन्हा ठोका. "आता?"

"अजून, बाबा."

मी दारात उभी राहून पाहत होते. माझे वडील जमिनीवर गुडघे टेकून बसले होते, अक्का टेबलाशी ताठ उभी होती, आणि ते तिला विचारत होते. शेवटी ती "बस" म्हणाली. तिनं फळीवरून हात फिरवला, एका बाजूनं चालत गेली, वळली, दुसऱ्या बाजूनं आली. पाय कुठंच अडला नाही. खणांची एक ओळ मामानं फिरवून पलीकडे उघडणारी केली, म्हणजे कुठूनही हात घालता यावा. मधल्या रिकाम्या जागेत, जिथे साहेबाचे पाय जायचे होते, तिथे आता मी सहज बसू शकत होते. पुढची कितीतरी वर्षं ती माझी वाचायची जागा झाली. वर कात्रीचा कर्रकर्र आवाज, अंगावर चिंध्यांचा पाऊस, आणि मी मोठ्यानं वाचते आहे, कारण अक्काला हातात काम असताना गोष्ट लागायची. मी वाचनात काही गाळलं तर वरून कात्री फळीवर टकटक वाजे.

पट्ट्या काढून टाकायला मामा निघाला होता. बाबांनी अडवलं. राहू दे, म्हणाले, आणि बोटानं एकेक पट्टी वाचत गेले. आम्हाला त्यातलं अक्षर येत नव्हतं, बाबांना येत होतं. जैनथ. बेला. तामसी. भीमपूर. अक्कानं मागोमाग वाटणी केली. जैनथात बटणं, बेल्यात दोऱ्याची रिळं, तामसीत कात्र्या आणि टेप, भीमपुरात लेस. आमच्या घराची बोलीच बदलली. "बेबी, बेल्याहून हिरवा दोरा आण," अक्का म्हणे आणि मी टेबलाखालून हात वर करून काढून देई. आई सैपाकघरातून विचारी, माही मोठी सुई कोन्या गावाला गेली व? पाहुणे बावचळून आमच्याकडे पाहत.

एका पट्टीवर बाबांचं बोट थांबलं होतं. "तलमडुगु," ते म्हणाले. मग म्हणाले की ह्या खणात आपल्या गावाचं एकेक वावर होतं. कोन्या बांधावर कोनाचं आंब्याचं झाड, कोनाची विहीर, सगळं. "कचेरीत मी त्यातले कागद काढून दिले, परत ठेवले," बाबा म्हणाले. "आपलं नाव त्यात कुठंच नवतं. माह्या बापानं ते सारं वावर वखरलं, पण खणात तो नवता." हे ते तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. हवा कशी आहे सांगावं तसं बोलले. अक्कानं तो डबा उघडला, आतली धूळ पदरानं पुसली आणि बंद केला. त्यात तिनं काही ठेवलं नाही. जैनथ ओसंडून वाहू लागलं, बटणं तामसीत जाऊ लागली, तरी तलमडुगु रिकामंच.

परीक्षेचे नमुने या खेपेला फळीवर कापले गेले. कडा सरळ आल्या. भरतकामात अक्षरांचा एक नमुना लागे. कुठल्याही भाषेत चाले, शब्द कुठलाही. बहुतेक मुली 'सुस्वागतम्' काढत. अक्कानं काय काढलं ते तिनं आम्हाला दाखवलं नाही. गुंडाळून घेऊन गेली. तपासणाऱ्या बाई निराळ्या होत्या. त्यांनी टेप लावली, पुन्हा लावली, आणि काही न बोलता पुढच्या मुलीकडे गेल्या. अक्का घरी येऊन म्हणाली की बोलल्या नाहीत म्हणजे चांगलंच. ती पास झाली. पुढे मुलींच्या शाळेत तिला जागा मिळाली आणि तिनं तिथे पोरींच्या कितीतरी पिढ्यांना वाकडी शिवण उसवायला लावली. आत्या पुढच्या खेपेला आली तेव्हा नदीपलीकडच्या माणसाचं लग्न होऊन गेलं होतं. तिनं टेबलाभोवती एक फेरी मारली आणि आपल्या नातीसाठी झबलं शिवून मागितलं. अक्कानं शिवून दिलं. दोन्ही बाजू अगदी सारख्या.

नमुने परत मिळाले त्या दिवशी बाबा कचेरीतून आल्यावर अक्का म्हणाली, "बाबा, तलमडुगुहून काही आलं काय पाहा बरं." त्यांनी डबा ओढला. आत चौकोनी पांढरं कापड होतं, घडी न घातलेलं, आणि त्यावर लाल रेशमानं, जाड टाक्यानं, 'गोमाजी' असं काढलेलं. बाबांनी डबा तसाच उघडा ठेवला. अंगणात गेले, हात धुतले, पंच्याला कोरडे केले, आणि परत येऊन ते कापड हातात घेतलं. उजेडाकडे धरलं. मग कचेरीत पक्षकारांना नाव आणि राहायचं गाव घेऊन पुकारतात ना, तशा आवाजात, पण अगदी हळू, म्हणाले, "गोमाजी, साकीन तलमडुगु." आणि त्याचं उत्तरही त्यांनीच दिलं. "हाजिर."

कापड त्यांनी परत खणात ठेवलं. त्या रात्रीच्या भाकरीला भुरका पुष्कळ होता.

नंतर बाबा गेले, आई गेली, मामा गेला. दोघी बहिणी या घरात राहिलो. मी शाळेतून येऊन वह्या तपासायची, ती टेबलाशी उभी. आमचं आयुष्य सुखाचं गेलं, हे मी लिहून ठेवते, कारण लोक आम्हा दोघींकडे पाहून हळहळत आणि आम्हाला त्याचं हसू येई. शेवटच्या वर्षी तिला उभं राहवेना. मी म्हटलं, पायाखालचे ठोकळे काढून टेबल खाली करू का, तू बसून कर. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मला शिवण कधीच आलं नाही. तिनं शिकवायचा प्रयत्न केला, सोडून दिला. म्हणे, तू वाच. आता मात्र रोज दुपारी मी या फळीशी उभी राहते. बेल्यातून लाल रेशीम काढते, भीमपुरातल्या लेशीखाली मिळालेल्या पांढऱ्या कापडावर पेन्सिलीनं 'शांता' लिहिलं आहे, आणि एकेक टाका घालते. फळी माझ्या कोपराच्या जरा वर येते. ती तिच्या मापाची आहे, मी टाचा उचलते. आज 'शां'चा काना पुन्हा वाकडा आला. तो मी त्याच बैठकीत उसवला. तलमडुगुचा खण उघडाच ठेवला आहे.